मुलं पाट्या बघत फिरतात त्याबद्दल

पालकहो,

मुलाला किंवा मुलीला अप्लाइड आर्टला, डिझाइनला घातलं की पहिलं सत्र संपेस्तोवर घराघरांत एक कुरबुर सुरू होते. मी हा विषय शिकवते, त्यामुळे पालकसभेत ती दरवर्षी कानावर येते. 'मॅडम, दिवसभर नुसता भटकतो. मोबाइल बघावा तर दुकानांच्या पाट्या, बंद शटरं, ट्रकच्या मागची अक्षरं, यांचेच फोटो. खोलीत काडेपेट्यांची वेष्टनं, जुनी तिकिटं, मिठाईच्या खोक्यांची झाकणं. एक कागद टाकू देत नाही. अभ्यास कधी करतो?' या बोलण्यामागे फीचा हप्ता असतो, नातेवाइकांचे प्रश्न असतात, शेजारची इंजिनिअरिंगला गेलेली मुलगी असते. काळजी खरी आहे. म्हणूनच आज जरा निवांत बोलू या.

पहिली गोष्ट ही की तो अभ्यासच करतो आहे. अक्षरं, चित्रं, रंग आणि त्यांच्यामधली मोकळी जागा यांची अशी मांडणी करायची की सांगायचं ते समोरच्याला चटकन आणि नेमकं कळावं, हे ग्राफिक डिझाइनचं काम. औषधाच्या डबीवरची सूचना, पुस्तकाचं मुखपृष्ठ, रेल्वे स्थानकावरचा फलक, मतपत्रिकेवरचं चिन्ह, हे सगळं कुणीतरी विचार करून मांडलेलं असतं. तुमच्या स्वयंपाकघरातलं 'कालनिर्णय'च घ्या. १९७३पासून ते मराठी घरांत येतं आहे. एका लहानशा चौकोनात तारीख, तिथी, नक्षत्र, सण, सुट्टी एवढं सगळं मावतं आणि आजीला चष्मा न शोधता एकादशी सापडते. इतकं साधं वाटणारं काही मांडायचं तर आधी पुष्कळ पाहावं लागतं, पाहिलेलं हाताने काढावं लागतं आणि 'हे असंच का केलं असेल?' असं स्वतःला सतत विचारावं लागतं. ते विचारत मुलं फिरत असतात.

आपल्या देशात डिझाइनचं शिक्षण कसं सुरू झालं, ते पालकांना मी मुद्दाम सांगते. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर दांपत्याला भारत सरकारने बोलावलं होतं. देशभर हिंडून १९५८ साली त्यांनी एक अहवाल दिला आणि त्यातून १९६१मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. पुढे १९६९मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचं केंद्र निघालं. त्या अहवालात ईम्स दांपत्याने सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं असेल? लोट्याचं. तो डोक्यावर, कमरेवर, हातात कसा धरला जातो, रिकामा असताना आणि भरलेला असताना तोल कुठे असतो, पाणी ओतताना धार कशी पडते, आतून घासायला हात जातो का, जमिनीवर ठेवताना आवाज कसा येतो, असे किती तरी प्रश्न त्यांनी त्या एका भांड्याला विचारले. कुणा एका माणसाने तो बनवलेला नाही, पिढ्यांनी तो घडवत आणला आहे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ज्या शिक्षणासाठी तुम्ही एवढा खर्च करता आहात, त्याच्या पायाशीच तुमच्या घरातलं भांडं आहे, हे माहीत असू द्या.

तोच धडा पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात मिळतो. दिनकर केळकर म्हणजे कवी अज्ञातवासी. त्यांनी गावोगाव फिरून घरगुती वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं. दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री, दौती, फण्या, कोरीव दरवाजे. सुपारी कातरणं एवढंच अडकित्त्याचं काम, पण कुणी त्याला मोराचा आकार दिला, कुणी घोड्याचा, आणि तरीही पकड हाताला नीट बसली पाहिजे ही अट कुणी सोडली नाही. मी मुलांना तिथे पेन्सिल आणि वही घेऊन पाठवते. फोटो काढायचा नाही. एक वस्तू निवडायची आणि दुपारभर काढायची. पहिला तास कंटाळ्यात जातो. मग हळूहळू त्या कारागिराचे निर्णय दिसायला लागतात.

आता घरात या. तुमच्या आईला किंवा सासूबाईंना चैत्रांगण काढता येतं का? चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत अंगणात ही रांगोळी काढायची आपली रीत. शंख, चक्र, गदा, पद्म, सूर्य, चंद्र, गाईची पावलं, कासव, नाग, हत्ती, तुळशीवृंदावन, फणी, करंडा, आरसा, आंब्याचं झाड, अशी पन्नास-साठ चिन्हं त्यात असतात. प्रत्येक चिन्ह चिमटीतून सुटणाऱ्या चार-सहा रेषांत व्हायला हवं, आणि चटकन ओळखू यायला हवं. कासव म्हणजे कासवच दिसलं पाहिजे, त्याचं खवल्याखवल्याचं चित्र काढायला वेळही नाही आणि जागाही नाही. मोबाइलच्या पडद्यावरची चिन्हं करताना आमच्या मुलांना हेच करायचं असतं. किती काढून टाकलं तरी वस्तू ओळखू येते, हे शोधायचं असतं. या कामाला आज कंपन्यांमध्ये स्वतंत्र माणसं नेमली जातात. तुमच्या घरात ते ज्ञान हातात असलेली बाई बसलेली आहे आणि तिला हे कुणी विचारलेलं नाही, याची मला खरंच हळहळ वाटते. तिला नातवाला शिकवू द्या, नातीलाच असं नाही.

याउलट मुलं सहसा प्रेरणा कुठे शोधतात? पिंटरेस्टवर. इन्स्टाग्रामवर, बिहान्सवर. असाइनमेंट हातात पडली की अर्ध्या तासात मूडबोर्ड तयार. मी ते साफ नाकारत नाही, जगभरातलं चांगलं काम घरबसल्या दिसतं ही मोठीच सोय आहे. पण शोधाच्या चौकटीत तेच चार शब्द टाकले की पुण्याच्या मुलाला, साओ पावलोच्या मुलाला आणि सोलच्या मुलीला जवळपास तीच चित्रं दिसतात. मग ज्युरीच्या, म्हणजे काम तपासण्याच्या, दिवशी भिंतीवर लागलेली निम्मी पोस्टरं एकमेकांची भावंडं वाटतात. काम वाईट नसतं. ते कुणाचंच नसतं. आता तर संगणकाला दोन ओळी लिहून दिल्या की चित्र तयार होऊन येतं, आणि 'मग आमच्या मुलांचं काय?' असं तुम्ही घाबरून विचारता. ही यंत्रं आधी कुठेतरी साठवलेल्या चित्रांवर पोसलेली आहेत. देवनागरीतली जोडाक्षरं लिहायला सांगा, पुष्कळदा मोडकीतोडकी येतात. तुमच्या तालुक्याच्या बाजारपेठेतली पाटी, तुमच्या आजोळची भिंत त्या साठ्यात गेलेलीच नसते. ज्या मुलाने ती स्वतः जाऊन पाहिली, त्याच्याकडे काहीतरी स्वतःचं असतं.

माझी एक विद्यार्थिनी सोलापूरची होती. वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. मुंबईच्या वर्गात बसल्यावर तिला आपल्या घराबद्दल बोलायला संकोच वाटे, सादरीकरणात सगळे परदेशी संदर्भ असत. एकदा सुट्टीहून येताना तिने जॅकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे आणि नक्षीचा चौकटीचा कागद आणला. त्या कागदावर एकेक चौकोन भरत मोर, फूल, वेल उभी केलेली असते आणि त्यातला कुठला धागा वर उचलायचा, ते पुठ्ठ्यावरचं भोक मागाला सांगतं. तिने त्याच चौकोनांच्या हिशोबाने देवनागरी अक्षरं बसवायला घेतली. 'क'चं पोट, 'श'ची गाठ, वेलांटीचा वळसा चौकोनात बसवताना ती महिनाभर झगडली. वडिलांना फोन करून विचारायची, वळण तुटक दिसू नये म्हणून तुम्ही काय करता? ते सांगायचे. जी अक्षरमाला तयार झाली ती कुठल्याही संकेतस्थळावर सापडली नसती. तिच्या वडिलांना आपण मुलीच्या शिक्षणात फीपलीकडे काही देऊ शकतो, हे त्या वर्षी पहिल्यांदा जाणवलं असं ते मला म्हणाले.

अक्षरांचं निघालंच आहे तर थोडं अधिक बोलते, कारण माझा जीव त्यात आहे.

तुम्ही सरकारी कार्यालयात किंवा घरी विंडोजवर मराठीत काही टाइप केलं असेल, तर 'मंगल' हा फॉन्ट वापरला असण्याची दाट शक्यता आहे. तो र. कृ. जोशी यांनी घडवला. ते सुलेखनकार, कवी, जाहिरात क्षेत्रात वर्षानुवर्षं काम केलेले आणि नंतर आयआयटीत शिकवणारे. त्यांच्या प्रेरणेने मोडीकडे वळलेले अच्युत पालव १९८०च्या दशकात जुने मोडी दस्तऐवज अभ्यासू लागले आणि मोडी व देवनागरीच्या संगमातून त्यांनी 'मुक्तलिपी' उभी केली. २०२५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या कागदांना घरोघरी वाळवी लागत होती, कुणाला वाचता येत नाहीत म्हणून जे फेकले जात होते, त्यांतून एका कलावंताला आयुष्यभर पुरेल एवढं मिळालं. तुमच्या घरी पणजोबांचं खरेदीखत, वतनाचा कागद, हिशोबाची वही असेल तर ती मुलाच्या हातात द्या. वाचता आलं नाही तरी चालेल. हात न उचलता बोरू कसा धावला आहे, ते त्याला दिसेल.

कमल शेडगे यांची नाटकांची शीर्षकं तुम्ही नक्की पाहिलेली आहेत, नाव माहीत नसलं तरी. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींच्या गर्दीत, बोटभर जागेत, रंगाची कसलीही मदत नसताना केवळ अक्षरांच्या वळणावरून नाटक ऐतिहासिक आहे की विनोदी, हे वाचकाला कळायचं. 'रायगडाला जेव्हा जाग येते'ची अक्षरं काढताना वापरलेलं वजन हलक्याफुलक्या नाटकाला चालणार नाही, ही समज त्यांनी मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांत रुजवली. आणि रुपयाचं चिन्ह? १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारने ते स्वीकारलं. करणारे डी. उदय कुमार तेव्हा पवईच्या आयआयटीत संशोधन करत होते आणि त्यांच्या संशोधनाचा विषय होता जुन्या छापील तमिळ अक्षरांचा इतिहास. 'या विषयाचा पुढे उपयोग काय?' असं त्यांनाही कुणी विचारलं असेल, तर त्याचं उत्तर आज आपल्या प्रत्येक नोटेवर आहे.

गावातल्या पाट्या म्हणूनच महत्त्वाच्या. फ्लेक्स येण्याआधी पेंटर खडू लावलेली दोरी ताणून रेष मारायचे, चपट्या ब्रशने एका दमात काना ओढायचे, अक्षराला छाया द्यायचे आणि कोपऱ्यात आपलं नाव लिहायचे. लांबलचक नाव अरुंद पाटीत बसवताना त्यांनी केलेल्या तडजोडी पाहण्यासारख्या आहेत. त्यांपैकी पुष्कळ जण आता थकले. मुलगा त्यांच्या पाट्यांचे फोटो काढतो तेव्हा तो आपल्या लिपीचा एक तुकडा जपून ठेवत असतो. त्याला नुसता फोटो काढू नकोस, जाऊन त्या पेंटरकाकांशी बोल, असं सांगा.

संस्कृतीतून प्रेरणा घ्यायची म्हणजे काय, याबद्दल मात्र मुलांशी आणि तुमच्याशीही माझा वाद असतो. 'मराठमोळं' काही करायचं म्हटलं की नथ, फेटा, तुतारी आणि कोपऱ्यात वारली, एवढ्यावर काम संपतं. वारली चित्रांचं तर फार वाईट झालं आहे. मगावर, कुशनच्या खोळीवर, हॉटेलच्या मेन्यूवर तीच नाचणारी माणसं. डहाणू-तलासरीकडे लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी देवचौक लिहितात, मधोमध पालघाट देवी असते, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणत असते. लग्नाचा तो एक विधी आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणून जगापुढे नेली, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यापासून शिकण्यासारखं अपार आहे. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचा वळसा कसा उलगडत जातो, शेकडो माणसं असूनही प्रत्येक जण वेगळं काम करताना कसा दिसतो, क्षितिजाची रेषा नसतानाही गाव कसं उभं राहतं. हे शिकावं. ती माणसं उचलून साबणाच्या वेष्टनावर चिकटवू नयेत. मुलाने केलेलं असं काही तुम्हाला छान वाटलं, तर कौतुकाआधी एवढं विचारा, 'हे कुणाचं आहे, आणि ते हे कधी काढतात?'

आणि संस्कृती एकच नसते. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाचे गोल पत्ते आजही हाताने रंगवले जातात. दशावतारी गंजिफात १० अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२० पत्ते, आणि खेळणाऱ्याला ते झटक्यात ओळखू यायला हवेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांची चित्रकथी आहे. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये घरांवर निळ्या-पांढऱ्या फरशांच्या नावपाट्या आहेत. भेंडी बाजारातल्या उर्दू पाट्या, मोहरमच्या ताबुतांवरचं कागदाचं कातरकाम, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरातले पुस्तकांचे, दिनदर्शिकांचे आणि पोस्टरांचे स्टॉल, भीमजयंतीच्या मिरवणुकीतला तो निळा. मुंबईच्या डबेवाल्यांनी झाकणावर रंग, अक्षरं आणि आकडे यांची जी खूणपद्धत बसवली, ती मी वर्गात माहितीच्या मांडणीचा धडा म्हणून शिकवते. तुमचं घर यांपैकी कशाच्या जवळचं आहे, ते तुम्हालाच ठाऊक. मुलाला त्याची लाज वाटू देऊ नका. वर्गात सगळ्यात ताजं काम पुष्कळदा अशाच घरातून आलेलं मी पाहिलं आहे.

बाहेरचं पाहूच नये, असं मी म्हणत नाही. जपानी डिझाइनर इक्को तानाका यांनी १९८१मध्ये जपानी नृत्याच्या कार्यक्रमासाठी एक पोस्टर केलं. चौकोन, त्रिकोण आणि अर्धवर्तुळं जुळवून नर्तकीचा चेहरा. युरोपात जन्मलेली भूमिती त्यांनी पुरती आत्मसात केली होती आणि तरी तो चेहरा जपानचाच. मुलांनी हे पोस्टर तासन्‌तास पाहावं. परक्याचं किती घ्यावं आणि आपलं कुठे ठेवावं, ते त्यात दिसतं.

आता कामधंद्याचं. तो प्रश्न टाळणं बरोबर नाही. देवनागरी नीट हाताळणारी माणसं कमी आहेत आणि गरज वाढते आहे. २०२२मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राज्यातल्या सगळ्या दुकानांच्या पाट्या मराठीत, आणि इतर लिपींपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत, लावणं बंधनकारक झालं. त्यानंतर लागलेल्या पाट्या बघा. किती ठिकाणी इंग्रजी नाव देखणं आणि खाली मराठी कसंबसं ताणून बसवलेलं. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टसाठी शेकडो आकार काढावे लागतात, म्हणून चांगले फॉन्ट रोमनच्या मानाने थोडेच. मुंबईच्या 'एक टाइप'सारख्या गटाने 'मुक्ता', 'बालू', 'मोदक' हे फॉन्ट सगळ्यांना मोफत वापरता येतील असे करून दिले, पण अजून कितीतरी हवे आहेत. पाठ्यपुस्तकं, ॲप, दवाखान्यातले फलक, शेतकऱ्यांसाठीची पत्रकं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना 'मराठी काय कामाचं' असं घरीच सांगितलं जातं, तेव्हा त्यांचा एक चांगला रोजगार आपण हाताने बंद करतो.

तुमच्याकडून मला फार काही नको आहे. सबमिशनच्या आठवड्यात मुलं जागतील तेव्हा चहा द्याल हे मला माहीत आहे. त्याखेरीज थोडी उसंत द्या. खिडकीशी बसलेला मुलगा दिसला की लगेच हाक मारू नका. संग्रहालयाचं तिकीट, एसटीचं भाडं, चांगली वही, यांवरचा खर्च लॅपटॉपइतकाच आवश्यक धरा. 'मार्क किती पडले' हे विचाराच, पण त्याआधी 'आज काय पाहिलंस' हे विचारा, आणि तो सांगेल तेव्हा मोबाइल बाजूला ठेवून ऐका. जुने दिवाळी अंक रद्दीत घालू नका. 'मनोरंजन'ने १९०९मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, दीनानाथ दलालांनी 'दीपावली'ची मुखपृष्ठं रंगवली, या वारशातला जो अंक तुमच्या माळ्यावर असेल तो त्याच्यासाठी पाठ्यपुस्तक आहे. आजीच्या गोधडीचे टाके, आईची रुखवतातली भरतकामाची वही, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, हे सगळं खाली काढा.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत लगेच इंटर्नशिपच्या मागे न लावता त्याला पंधरा दिवस आजोळी पाठवा. सोबत एक कोरी वही द्या. परत आला की ती वही तुम्हाला आधी दाखवायला सांगा, मग आम्हाला.